किल्ले मोजले, होड्या मोजायच्या राहिल्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे समुद्राशी थेट नाते सांगणारे चार किल्ले असल्याने कोकणात आनंद व्यक्त झाला. तो आनंद योग्यच होता. या किल्ल्यांचे नकाशे झाले, तटांची लांबी मोजली गेली, बुरुजांची नोंद झाली. ज्या होड्यांनी या किल्ल्यांवर दगड, चुना, धान्य आणि माणसे पोहोचवली, त्या होड्यांचा मात्र एकही मोजून काढलेला आराखडा सामान्य वाचकाला सहजासहजी पाहायला मिळत नाही. शिवकालातील होडी आज आपल्याला मिळणार नाही, हे उघड आहे. तथापि त्याच परंपरेतून आलेल्या, वाऱ्यावर चालणाऱ्या लहान लाकडी होड्यांपैकी काही सांगाडे अजून आपल्या पुळणींवर, माडांच्या सावलीत, झापांखाली पडलेले आहेत. ते सरपणात जाण्यापूर्वी मोजून घ्यावेत आणि त्या मापांवरून त्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती कराव्यात, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी आरेखन शिकवण्याचे काम केलेला एक निवृत्त शिक्षक असून गेली काही वर्षे अशा प्रतिकृती करण्यात वेळ घालवतो. त्यामुळे पत्रात तांत्रिक तपशील थोडा जास्त येईल, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रतिकृती म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या पेटीतले चकचकीत जहाज येते. सत्कार-समारंभात ते भेट दिले जाते, सरकारी दालनांत ते दिसते आणि त्याखाली ‘गलबत’ अथवा ‘गुराब’ असे मराठा आरमारातल्या जहाजाचे नाव लिहिलेले असते. त्याच्या डोलकाठ्यांवर बहुधा युरोपीय पद्धतीची चौकोनी शिडे आडवी लावलेली असतात, बाजूला तोफांसाठी झरोक्यांची नेटकी रांग असते आणि सगळ्यावर फ्रेंच पॉलिशचा मुलामा असतो. शोभेची वस्तू म्हणून तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण तीच वस्तू शाळेच्या प्रदर्शनात किंवा संग्रहालयाच्या कोपऱ्यात ‘इतिहास’ म्हणून मांडली जाते, तिचे प्रमाण काय आणि आधार कोणता हे कुठेच लिहिलेले नसते आणि पाहणारी मुले तेच खरे मानून घरी जातात, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलालासुद्धा आपण विचारतो की हा किल्ला कोणता आणि हा दरवाजा कोणत्या बाजूला आहे. तेवढा साधा प्रश्न या जहाजांना विचारला जात नाही.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत आधार शोधणे कठीण आहे, हे मान्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे, विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली गोदी आहे, परंतु त्यांवरून एखाद्या जहाजाच्या फळीची जाडी निघत नाही. लहान होडीची गोष्ट वेगळी आहे. ती समोर आहे, तिला हात लावता येतो, टेप धरता येते आणि ती चालवलेली माणसे क्वचित का होईना अजून बोलायला भेटतात. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच झाली पाहिजे, असे माझे मत आहे.

उदाहरण म्हणून सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची उलांडीची होडी घ्या. तिचा तळ अखंड खोडातून, बऱ्याचदा आंब्याच्या, कोरून काढलेला असतो आणि त्यावर उंची वाढवण्यासाठी फळ्या चढवलेल्या असतात. या फळ्या काही ठिकाणी खिळ्यांनी जोडलेल्या, तर काही ठिकाणी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. होडी अरुंद असल्यामुळे नुसती उभी राहिली तर लगेच कलंडेल. म्हणून तिच्या काठांवर दोन आडव्या काठ्या बांधतात, त्या एका बाजूला लांबवर बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा, दोन्हीकडे निमुळता केलेला ओंडका बांधतात. हीच उलांडी. वारा उलांडीच्या बाजूने आला की ओंडका पाण्याबाहेर उचलला जाऊ लागतो आणि त्याच्या वजनाने होडी सावरते. जोर वाढला तर एखादा गडी सरळ काठीवर जाऊन बसतो. वारा दुसऱ्या बाजूने आला की ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणीच त्याला वर ढकलून होडीला आधार देते. एकच ओंडका दोन वाऱ्यांत दोन निरनिराळ्या तऱ्हांनी काम करतो. त्याची लांबी, जाडी आणि होडीपासूनचे अंतर यांचा हिशेब कोणत्याही कागदावर नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या हात, वीत आणि डोळ्यांच्या अंदाजाने सांभाळला गेला आहे.

अशी होडी मोजायची कशी, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण काम वाटते तितके अवघडही नाही आणि वाटते तितके सोपेही नाही. होडी प्रथम हलणार नाही अशी ठोकळ्यांवर टेकवावी लागते. मग पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक दोरा ताणायचा आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या लेव्हल पाइपने तो समपातळीत आणायचा. हा दोरा म्हणजे सगळ्या मापांचा पाया. त्यावर ठरावीक अंतराने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेपाशी ओळंबा सोडायचा आणि त्या ठिकाणी वेगवेगळ्या उंचीवर होडीची बाजू मध्यरेषेपासून किती दूर आहे ते लिहून घ्यायचे. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्रपणे मोजायची. येथे आरेखन शिकलेल्या माणसाचा हात हमखास शिवशिवतो. जुन्या होडीची दोन्ही टोके वर्षानुवर्षे खाली झुकून तिचा मधला भाग वर उचललेला असतो, क्वचित सगळी होडीच पिळवटलेली असते आणि कागदावर तिला सरळ, समान आणि सुंदर करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. होडी जशी आहे तशी प्रथम उतरवावी आणि ती मुळात कशी असावी याचा तर्क दुसऱ्या कागदावर, तर्क म्हणूनच, मांडावा. दोन्ही एकाच रेषेत मिसळले की पुढच्या अभ्यासकाला मोजलेले कोणते आणि मानलेले कोणते हे कधीच कळत नाही.

या मापांवरून होडीची तीन चित्रे तयार होतात: बाजूने, वरून आणि आडव्या छेदांतून. तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. लवचिक पट्टी बिंदूंवरून वाकवून रेषा ओढताना एखादा बिंदू रेषेबाहेर राहिला तर एक तर माप चुकलेले असते किंवा होडीला तेथे खरोखरच पोक आलेला असतो. अशा वेळी घरी बसून निर्णय घेऊ नये, पुन्हा पुळणीवर जावे.

प्रमाण कोणते घ्यावे याविषयी छंदिष्टांत पुष्कळ मतभेद आहेत. इंग्रजी मापांच्या सोयीमुळे १:१२, १:२४ आणि १:४८ ही प्रमाणे जगभर रूढ झाली. लहान होडीसाठी मी १:१० पसंत करतो, कारण सेंटिमीटरचा मिलिमीटर होतो आणि मोजणीच्या वहीतले आकडे जवळजवळ जसेच्या तसे वापरता येतात. सात मीटरची होडी सत्तर सेंटिमीटरची होते आणि पंचवीस मिलिमीटरची फळी अडीच मिलिमीटरची. यापेक्षा लहान केले तर शिवणीची दोरी दाखवणेच अशक्य होते आणि शिवणीची होडी करून शिवण न दाखवणे मला पटत नाही.

लाकडाच्या बाबतीत एक विचित्र अडचण येते. मूळ होडीत आंबा, साग, उंडी, क्वचित फणस असतो, म्हणून प्रतिकृतीतही तेच लाकूड वापरावे असे प्रथम वाटते. पण लाकडाचा पोत लहान होत नाही. सागाची छिद्रे आणि रेषा अडीच मिलिमीटरच्या फळीवर इतक्या ठळक दिसतात की डोळ्यांना सारे प्रमाण बिघडल्यासारखे वाटते. त्यामुळे बारीक, एकसारख्या पोताचे लाकूड शोधावे लागते. युरोपातले कारागीर त्यासाठी नासपतीच्या झाडाचे लाकूड वापरतात. आपल्याकडे हळदू, कुडा आणि शिवण या झाडांची लाकडे उत्तम काम देतात. हळदू तर इतके एकजीव आहे की त्यातून काढलेल्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवताना सहसा तडकत नाहीत. सुताच्या बाबतीतही तेच. खरा काथ्या कितीही बारीक केला तरी तो जाडाभरडाच दिसतो, म्हणून कापसाचा धागा पीळ देऊन, रंगवून वापरणे भाग पडते. शिडासाठी जुनी, धुऊन मऊ झालेली मलमल चांगली. पॉलिश मात्र लावू नये. होडीला उंडीचे किंवा माशाचे तेल लावत, त्याने लाकूड काळपट आणि मंद दिसते. चकाकणारी होडी पाण्यात कधी गेलेलीच नसते.

तळ खोडातून कोरलेला असल्यामुळे प्रतिकृतीचा तळही एकाच ठोकळ्यातून कोरावा, या मताचा मी आहे. काही जण सोय म्हणून तो फळ्या चिकटवून करतात आणि बाहेरून तो तसाच दिसतो. पण कोरताना जे कळते ते चिकटवताना कळत नाही. बाहेरचा आकार पुठ्ठ्याच्या साच्यांनी तपासत आणायचा, मग आतून पोखरायला घ्यायचे आणि बुडाशी जाडी ठेवून काठाकडे ती कमी करत न्यायची. कारागीर बुडाशी एवढे लाकूड का राखतो हे तेव्हा लक्षात येते: वाळूवर ओढून झिजण्यासाठी ते राखलेले असते आणि खाली वजन राहिल्याने होडीही स्थिर होते. त्यानंतर काठाच्या फळीला भोके पाडून ती शिवायची. आतल्या बाजूस सांध्यावर भरणाची लांबट गादी ठेवून तिच्यावरूनच टाके घालावे लागतात आणि प्रत्येक टाका ओढून बसवावा लागतो, नाहीतर पुढचा टाका घालताना मागचा सैल पडतो. हे काम घाईचे नाही आणि एकट्याने करण्याचेही नाही, कारण एकाने ओढून धरल्याशिवाय दुसऱ्याला गाठ मारता येत नाही.

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर तिची एक परीक्षा घेता येते, जी शोभेच्या जहाजांची कधी होत नाही. १:१० प्रमाणात लांबी दहाव्या भागाएवढी होते, शिडाचे क्षेत्रफळ शंभराव्या आणि वजन हजाराव्या भागाएवढे. म्हणजे चारशे किलोची होडी असेल तर प्रतिकृती चारशे ग्रॅमची असली पाहिजे, तरच ती पाण्यात त्याच रेषेपर्यंत बुडेल. वजन जास्त भरले तर फळ्या जाड झाल्या आहेत किंवा मूळ वजनाचा अंदाज चुकला आहे. या हिशेबातूनच आणखी एक गोष्ट समजते. शिडावर पडणारा वाऱ्याचा रेटा क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे शंभरपट कमी होतो आणि तो ज्या उंचीवर काम करतो ती दहापट कमी होते, त्यामुळे होडीला कलंडवणारे बळ हजारपट घटते. तिला सरळ ठेवणारे बळ वजन आणि रुंदी या दोहोंवर अवलंबून असल्याने ते दहा हजारपट घटते. म्हणून समुद्रावरच्या वाऱ्यात निर्धास्त चालणाऱ्या होडीची अचूक प्रतिकृती त्याच वाऱ्यात तळ्यावर सोडली तर चटकन आडवी होते आणि पाहणारे म्हणतात की मूळ होडीतच दोष असेल. दोष तिच्यात नसतो. जहाजांच्या प्रतिकृती पाण्यातून ओढून मोठ्या जहाजाचे वर्तन कसे ताडायचे याचे नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने बसवले आणि त्यासाठी १८७२ च्या सुमारास इंग्लंडमधील टॉर्की येथे लांबलचक हौद बांधला. त्याच्या नियमाने पाहिले तर १:१० च्या प्रतिकृतीने मूळ होडीच्या वेगाच्या साधारण एकतृतीयांशाहून किंचित कमी वेगाने जावे, तेव्हा तिच्या अंगावरून उठणाऱ्या लाटा मूळ होडीसारख्या दिसतात. शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला यापेक्षा चांगले साधन मला तरी सुचत नाही.

तरीही प्रतिकृतीचा सर्वांत मोठा उपयोग मला वेगळाच वाटतो आणि तो ती अर्धवट असताना होतो. जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाला, समोर बसवून शिडाचे दोर कसे बांधत, असे विचारले तर तो ‘बांधत होतो की’ असे म्हणून दर्याच्या दुसऱ्या गोष्टी सांगू लागतो. वर्षानुवर्षे हाताने केलेली कामे शब्दांत सांगायची सवयच नसते. पण डोलकाठी उभी केलेली, शीड न लावलेली होडी त्याच्यापुढे ठेवली की तो स्वतःहून ती ओढून घेतो. डोलकाठी पुढे झुकलेली नसेल तर प्रथम तेच बोलून दाखवतो. आपल्या होड्यांची डोलकाठी पुढे कललेली असते, कारण शिडाची लांब तिरकी काठी डोलकाठीपासून मोकळी लोंबत राहिली पाहिजे आणि वारा बदलल्यावर ती डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला नेता आली पाहिजे. ही तिरकी काठी अखंड नसते. दोन काठ्या एकमेकींवर चढवून बांधलेल्या असतात, म्हणजे वारा भरला की टोक वाकते आणि झटका सोसते. पुढचा दोर कुठे अडकवायचा, शीड गुंडाळायचे कसे, पाऊस आला तर शिडाचे काय करायचे, वल्ही कुठे ठेवायची, पाणी उपसायची करवंटी कोणत्या बाकाखाली असते, हे सारे अशा वेळी बाहेर पडते. छायाचित्रांत यातले फारसे काही दिसत नाही, कारण छायाचित्र काढणारा नेहमी भरलेल्या शिडाकडे पाहत असतो आणि गाठी शिडाच्या मागे असतात.

आपल्या होड्यांची नोंद कोणीच केली नाही, असे नाही. १८३४ मध्ये जॉन एडी या जहाजबांधणी अधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मलबार, कोरोमंडल आणि सिलोनच्या किनाऱ्यांवरील नौकांचे वर्णन आराखड्यांसह छापले आणि त्यात आपल्याकडची फत्तेमारी ही शिडाची व्यापारी नौकाही आहे. फ्रेंच नौदलातील अधिकारी एदमाँ पारी यांनी जगभरच्या सफरींत बिगरयुरोपीय नौका मोजून १८४० च्या दशकाच्या आरंभी त्यांचा मोठा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. पुढे १८७१ पासून ते पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी आपल्याच आराखड्यांवरून त्या नौकांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या आजही तेथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाच्या संग्रहाचा भाग आहेत. जेम्स हॉर्नेल हे मद्रास प्रांताच्या मत्स्य खात्याचे प्रमुख होते, त्यांनी १९२० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीतर्फे भारतीय होड्यांच्या रचनेवर दीर्घ अभ्यास छापला आणि त्यात उलांडीच्या होड्यांचाही विचार केला. या तिघांविषयी मला कृतज्ञता वाटते. मात्र आपल्या पुळणीवरची वस्तू पाहण्यासाठी लंडन-पॅरिसचे ग्रंथ उघडावे लागतात आणि त्यांतही मोठ्या व्यापारी नौकांना मान मोठा, मासेमारीच्या लहान होडीला जागा थोडी, ही वस्तुस्थिती बदलत नाही.

कागदावरचा आराखडा किती मोलाचा असतो, याचे एक उदाहरण मुंबईच्याच गोदीचे आहे. वाडिया घराण्यातील जमशेटजी बोमनजी यांनी सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश युद्धनौका १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तिचे आराखडे इंग्लंडहून ज्या जहाजातून मुंबईला निघाले होते ते जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांशी झालेल्या लढाईत बुडाले, म्हणून नवे आराखडे येईपर्यंत बांधणी लांबली. वाडियांना जहाज बांधता येत नव्हते असे कोणीच म्हणणार नाही. तरीही ठरावीक जहाज बांधायचे तर कागद लागला.

कागद नसला तर काय होते हे आपण नुकतेच पाहिले आहे. भारतीय नौदलाने शिवणीचे प्राचीन जहाज पुन्हा बांधायचे ठरवले, तेव्हा त्यासाठी आधार होता तो अजिंठ्यातील पाचव्या शतकाच्या सुमारास रंगवलेल्या एका जहाजाच्या चित्राचा. आराखडा नाही, अवशेष नाहीत, केवळ भिंतीवरचे सपाट चित्र. त्यावरून आकार ठरवायचा, मद्रास आयआयटीच्या सागरी अभियांत्रिकी विभागात त्याच्या प्रतिकृतीची चाचणी घ्यायची आणि मग केरळच्या कारागिरांकडून गोव्यात नारळाच्या काथ्याने फळ्या शिवून घ्यायच्या, असा तो सगळा खटाटोप होता. ‘कौंडिण्य’ या नावाने मे २०२५ मध्ये कारवार येथे ते जहाज नौदलात दाखल झाले. हे काम करणाऱ्यांविषयी आदर व्यक्त करूनच विचारतो: दीड हजार वर्षांपूर्वीच्या जहाजासाठी एवढा खर्च आणि एवढी बुद्धी लावणाऱ्या देशाने आज डोळ्यांसमोर असलेल्या शिवणीच्या होड्या न मोजता कुजू द्याव्यात का? पुढे कधी कोणाला मालवणची होडी बांधावीशी वाटली तर त्यानेही पर्यटकांच्या छायाचित्रांवरून तर्क करत बसायचे का?

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांत तथ्यही आहे. पहिला आक्षेप असा की फायबरच्या होड्या आल्याने मच्छीमारांचे कष्ट कमी झाले, मग जुन्याचे हे कौतुक कशासाठी? फायबरची होडी हलकी असते, तिला वर्षाआड तेलपाणी लागत नाही आणि तिच्यासाठी शंभर वर्षांचे झाड पाडावे लागत नाही. कोणी कोणती होडी वापरावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि मच्छीमारांनी पुन्हा शिडावर जावे असे मी सुचवतही नाही. नोंद करणे आणि मागे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप असा की आता लेझर किंवा छायाचित्रांवरून काही तासांत संगणकात त्रिमितीय आकृती तयार होते, मग टेप आणि ओळंबा कशाला? ती जरूर करावी. ती टेपपेक्षा अचूकही असेल. पण ती पृष्ठभाग दाखवते, फळीच्या आत खिळा किती खोल आहे, सांध्यात काय ठासले आहे आणि उलांडीच्या गाठीचा तिसरा वेढा कोणत्या दिशेने गेला आहे हे दाखवत नाही. शिवाय संगणकातली आकृती तांडेलाच्या मांडीवर ठेवता येत नाही.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. एका होडीच्या मोजणीला लागतात दोन-तीन माणसे, दोरा, टेप, ओळंबा आणि थोडी सवड. किनाऱ्यावरील तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांत सुतारकाम आणि आरेखन दोन्ही शिकवले जाते. जिल्ह्याजिल्ह्यांत वास्तुशास्त्र आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. जुने वाडे आणि देवळे मोजण्याचे काम वास्तुशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करतात, त्यांत एखाद्या वर्षी होडी का असू नये? आणि लाकडाला हात लावणारी माणसे शोधायला दूर जायला नको. सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी, फळे आणि रंगीत वस्तू करणारे कारागीर आहेत. केरळातल्या बेपूर येथे ‘उरू’ या मोठ्या लाकडी जहाजांच्या लहान प्रतिकृती करून विकल्या जातात आणि त्या गावाला त्याचे उत्पन्न मिळते. सावंतवाडीत अचूक मापांची उलांडीची होडी किंवा लहान मचवा तयार होऊ लागला, तर पर्यटकाच्या हाती खरी वस्तू पडेल आणि कारागिराला मजुरीही बरी मिळेल. परदेशी कंपन्या युरोपातल्या मासेमारी होड्यांची लाकडी किट विकतात आणि पुण्या-मुंबईतले छंदिष्ट ती मागवून महिनोन्‌महिने जोडत बसतात. कोकणातल्या होडीचे असे किट माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

संग्रहालयांकडून माझी अपेक्षा माफक आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सागरी वारशाचे दालन आहे, व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये स्थापन झालेली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी मुंबईतच काम करते आणि गुजरातमध्ये लोथल येथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभे राहत आहे. अशा कोणत्याही ठिकाणी नौकेची प्रतिकृती मांडताना तिच्याखाली चार गोष्टी लिहाव्यात: प्रमाण किती, मूळ नौका कोणती आणि कुठे मोजली, मोजली नसेल तर आधार कोणता आणि कोणता भाग तर्काने केला आहे. पाटीवर दोन ओळी वाढतील. त्या दोन ओळींनी शोभेची वस्तू आणि नोंद यांतला फरक पाहणाऱ्याला ताबडतोब कळेल. ‘काल्पनिक’ असे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही. न लिहिण्यात आहे.

मत्स्यव्यवसाय खात्यालाही एक विनंती आहे. होड्यांच्या नोंदणीची पद्धत खात्याकडे आहे, पण ती चालू होड्यांसाठी. वापरातून गेलेली लाकडी होडी कोणाच्या दप्तरात नसते. बंदराबंदरांवर काम करणाऱ्या परवाना अधिकाऱ्यांनी आपल्या भागात अशा किती होड्या उरल्या आहेत, त्या कोणाच्या आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत एवढी साधी यादी केली तरी पुढच्या माणसाचे अर्धे काम होईल. ही यादी करताना होडी मालकाची आहे हे विसरू नये. मोजणी त्याच्या परवानगीने, त्याच्या सोयीने आणि त्याचे नाव आराखड्यावर घालूनच व्हावी आणि तयार झालेल्या आराखड्याची एक प्रत त्याच्या घरी जावी.

वेळेबाबत एक सूचना करून थांबतो. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्या तशाच असतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात, होडी वर घेतल्यानंतर आणि शाकारण्यापूर्वी, जे काही दिवस मिळतात ते मोजणीसाठी सर्वांत सोयीचे आहेत: होडी कोरडी असते, रिकामी असते, मालक घरी असतो आणि महाविद्यालयांना सुटी असते. या कामात रस असणाऱ्या संस्थांनी आणि शिक्षकांनी येत्या मे महिन्यासाठी एखादे गाव आणि एखादी होडी आत्ताच ठरवावी. आपल्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्त्यांनी आपापल्या भागातील अशा होड्यांची माहिती वाचकांकडून मागवली, तर गाव निवडणे सोपे जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरेखन शिक्षक,
रत्नागिरी जिल्हा